फट मिटली की करवत उसळते

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, मुलीसाठी अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकं ठेवायची मांडणी (शेल्फ) स्वतःच्या हाताने बनवायची आहे. टाइल कापायला घेतलेला चार इंची ग्राइंडर घरात पडून आहे आणि त्याला बसेल असं लाकडाचं दातेरी पातं ऑनलाइन अडीचशे रुपयांत मिळतंय. ते लावावं का? की मार्बल कटर घ्यावा आणि व्हिडिओत दाखवतात तसा प्लायवुडच्या खालून उलटा बसवून घरच्या घरी टेबल-करवत (टेबलातून पातं वर आलेलं, लाकूड त्यावर ढकलायचं) करावी? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला सोबत घेऊ का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो. पहिल्या दोन्हींचं नाही. पातं मागवलं असेल तर परत करा, आणि घरात येऊन पडलं असेल तर दुसरा कोणी उचलून लावणार नाही अशा जागी ठेवा.

मी मिरजेत एकतीस वर्षं सुतारकाम करतोय. वडिलांच्या हाताखाली शिकलो, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. ग्राइंडरवर लाकडाचं पातं लावून काम करणारी माणसं मी रोज पाहतो, आमच्याच धंद्यातली. त्यामुळे "सगळेच तर वापरतात" हे तुमच्या कानावर येणारच. वापरतात, खरं आहे. त्यातल्या किती जणांना हात लपवून बसावं लागतं, ते मी लग्नाकार्यांत पंगतीला बसल्यावर पाहिलंय.

ग्राइंडर घासण्यासाठी बनलाय. त्याची चकती म्हणजे खरखरीत दगड. ती लोखंडात अडकली तर झिजते, फार झालं तर फुटते. दातेरी पातं झिजत नाही, ते चावा घेतं. चार इंची ग्राइंडर बिनभाराचा मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. त्यावर ११० मिलिमीटरचं पातं लावलं की एकेक दात सेकंदाला ६० मीटरपेक्षा जास्त पळतो, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. इतक्या वेगातला दात लाकडाच्या गाठीत रुतला आणि लाकूड हललं नाही, तर मशीनला हलावं लागतं. ते हलतं तुमच्याच दिशेने, कारण दुसऱ्या बाजूला लाकूड असतं.

लाकडासाठी बनवलेल्या इलेक्ट्रिक करवतीत याचा विचार केलेला असतो. तिला खाली रुंद, सपाट तळपत्रा असतो. तो फळीवर टेकून राहतो, म्हणून पातं वाकडं होत नाही. खालच्या अर्ध्या पात्यावर स्प्रिंगचं झाकण असतं, ते करवत उचलली की आपोआप बंद होतं. बोट सुटलं की स्विच सुटतो. ग्राइंडरला तळपत्रा नाही, पातं तुमच्या मनगटाच्या भरवशावर सरळ राहणार. मनगट जरा वळलं की पात्याची बाजू कापाच्या भिंतीला घासते आणि पातं अडकतं. स्वस्तातल्या बऱ्याच ग्राइंडरना पुढे सरकवायचा स्विच असतो. तो अडकून राहतो, हातातून मशीन सुटलं तरी पातं फिरतच असतं. त्यात लोक काप खोल जावा म्हणून झाकण काढून ठेवतात. शिवाय ग्राइंडरच्या चकतीचं भोक बहुतेक १६ मिलिमीटरचं असतं आणि लाकडाच्या पात्याचं २०. मध्ये एक कडी घालून भागवलं जातं. ती कडी नीट बसली नाही तर पातं केंद्रापासून सरकून फिरतं आणि सुरुवातीपासूनच थरथरतं. साखळीचे दात लावलेल्या कोरीवकामाच्या चकत्याही मिळतात. त्यांना तर हातसुद्धा लावू नका.

आता मूळ मुद्दा. तो एकदा नीट समजला की हातातली करवत कोणतीही असो, काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

माकडाची आणि पाचरेची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. सुतार ओंडका अर्धा चिरतात, फटीत पाचर ठोकून जेवायला जातात. माकड येऊन पाचर उपटतं, फट मिटते आणि माकड चिरडतं. मुलांना ही गोष्ट नसत्या उठाठेवीची म्हणून सांगतात. मला मात्र वाटतं, ही गोष्ट पहिल्यांदा सांगणाऱ्याने लाकूड चिरताना जवळून पाहिलं असणार. कारण लाकूड अगदी तसंच वागतं. झाड वाढताना त्याच्या पोटात ताण साठलेला असतो. फळी मध्ये चिरली की तो सुटतो आणि दोन्ही भाग कधी एकमेकांपासून लांब पळतात, कधी एकमेकांकडे झुकतात. झुकले की कापलेली फट मागून मिटत जाते आणि पात्याचा मागचा भाग चिमटीत सापडतो.

टेबल-करवतीत पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, पण मागचे दात खालून वर येत असतात. फट मिटून लाकूड त्या मागच्या दातांना चिकटलं की दात त्याला वर उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. म्हणून चांगल्या टेबल-करवतीत पात्याच्या बरोबर मागे एक पोलादी पट्टी उभी असते, पात्यापेक्षा किंचित जाड आणि कापापेक्षा किंचित बारीक. कापलेली फट तिच्यावर येऊन बसते आणि मिटू शकत नाही. गोष्टीतली पाचरच ती, पण कायमची ठोकलेली.

२००३ सालच्या पावसाळ्यात आमच्या टेबल-करवतीची ती पट्टी मी काढून ठेवली होती. खाच पाडायचं एक काम होतं, त्याला ती आड येत होती. काम झालं, पट्टी कपाटावर राहिली. दोन दिवसांनी आंब्याची एक ओलसर फळी लांबीत चिरायला घेतली. सहा फुटी फळी, जवळजवळ चार फूट गेली होती. पुढे ढकलायला जड लागायला लागलं आणि मोटरचा आवाज खाली बसला. तिथेच मी बटण बंद करायला हवं होतं. मी उलट केलं. पुढे वाकून डावा हात पात्याच्या पलीकडे नेला आणि चिरलेला भाग पलीकडून ओढायला लागलो. फट मिटली. फळी उसळून मागे आली, आणि तिच्यावर ठेवलेला माझा हात तिच्याबरोबर मागे आला, पात्यावरून. दुखलं नाही. आवाज आठवतो, फळी मागच्या पत्र्यावर आदळल्याचा. मग भुशावर रक्त दिसलं. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर तेव्हा गेलं.

हे सांगतोय ते अशासाठी की माझं पातं चांगलं होतं, मशीन चांगलं होतं, नऊ वर्षं सरावलेला हात होता. नव्हती फक्त ती पट्टी. मार्बल कटर उलटा बसवून केलेल्या घरगुती टेबल-करवतीत ती पट्टी कधीच नसते. वर झाकण नसतं. बाजूची आधारपट्टी पात्याला समांतर आहे की नाही हे कोणी मोजलेलं नसतं. ती पुढे जाताना पात्याकडे झुकत गेली, तर ताण नसलेली फळीही चिमटीत सापडते. बटण खाली कुठेतरी, वाकल्याशिवाय हात पोचत नाही. आणि मशीन दगडासाठी बनवलेलं, फेरे १२,०००च्या घरातले. व्हिडिओत पाईनची कोरडी, सरळ, गाठी नसलेली पट्टी कापून दाखवतात. तुमच्या हातात येणारं लाकूड तसं नसतं. (अमेरिकेत २००४पासून एक टेबल-करवत विकली जाते, पात्याला कातडी लागताच ते काही मिलिसेकंदांत थांबतं. पण पात्यामागची पट्टी त्या करवतीलाही असतेच, कारण उडणारी फळी तिला ओळखता येत नाही.)

मग सुरुवात कशाने करायची? साध्या हातकरवतीने. वीज नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, धुळीचे लोट नाहीत. आणि ती हातातून सुटली तर जागच्या जागी थांबते. १८ इंची घ्या, इंचाला आठ ते दहा दात असलेली. दातांची टोकं निळसर काळी दिसत असतील तर ती कडक केलेली आहेत. ती पुष्कळ टिकतात, पण बोथट झाली की कानस चालत नाही. साध्या पोलादाच्या करवतीला तिकोनी कानशीने पुन्हा पुन्हा धार लावता येते. पहिली करवत कडक दातांची घ्या, धार लावायला नंतर शिका. जपानी करवत ओढताना कापते, पातं पातळ असतं आणि काप फार सुंदर येतो. पण नवख्याने जोर लावून पुढे ढकललं की वाकते.

करवतीचं पातं डोळ्यासमोर आडवं धरून दातांच्या रांगेकडे पाहा. एक दात डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेला दिसेल. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पात्याला फिरायला जागा राहते. इथेही फट उघडी ठेवण्याचीच युक्ती आहे. लांब फळी चिरताना हातकरवतही अडकते. अडकली की जोर करू नका, फटीत लाकडाची बारीक पाचर सरकवा आणि पात्याच्या बाजूंना मेणबत्ती घासा.

कापायच्या आधी लाकूड बांधा. दोन क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे शिकंजे) घेतलेत तर अर्धं काम झालं. माझे वडील जमिनीवर बसून, पायाखाली फळी दाबून कापायचे. त्यांची ती सवय लहानपणापासूनची होती, मला ती कधी जमली नाही आणि तुम्ही करून पाहू नका. भक्कम टेबल किंवा जुनं लाकडी स्टूल घ्या, फळी त्याला क्लॅम्पने आवळा, काप टेबलाच्या कडेपासून दोन इंचांवर येऊ द्या. फळी हाताने हलवून बघा. अख्खं टेबल हललं पाहिजे, नुसती फळी नाही.

गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) लावून रेघ मारा, पेन्सिलीने नव्हे तर धारदार सुरीने. सुरीची रेघ वरचे तंतू आधीच तोडते, त्यामुळे कड फाटत नाही. करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला लावायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा पात्याच्या सपाट बाजूला टेकवा, दातांच्या वर. मग करवत नुसती मागे ओढा, दोन-तीन वेळा, तिच्या स्वतःच्या वजनाने. लाकडात छोटीशी खाच पडते. ती पडेपर्यंत पुढे ढकलायचं नाही, कारण अंगठ्यावर उडी मारते ती याच क्षणी. खाच पडली की डावा हात काढून घ्या आणि लांब ठेवा. उजव्या हाताची तर्जनी मुठीच्या बाहेर, पात्याच्या दिशेने सरळ. मनगट, कोपर, खांदा एका रेषेत. आडव्या कापाला करवत फळीशी साधारण ४५ अंशांत, लांबीत चिरायला थोडी उभी, ६० अंशांच्या आसपास. दाबू नका. धार असेल तर करवत आपोआप उतरते, आणि धार नसेल तर दाबल्याने ती फक्त वाकडी जाते.

काप संपत आला की आवाज बदलतो, थोडा पोकळ होतो. तिथे हात हलका करा, आखूड फेरे मारा आणि डाव्या हाताने सुटणारा तुकडा खालून नुसता तोलून धरा. वर उचललात तर फट मिटेल, सोडून दिलात तर शेवटची चिरफळी फाटून निघेल.

पहिलं काम टेबल नको. पाट करा, जेवायला बसायचा साधा पाट. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जा, सागवानाचे किंवा फणसाचे तुकडे आहेत का विचारा. एक इंच जाड, सात इंच रुंद, दोन फूट लांब असे दोन तुकडे आणि दीड इंची चौरस पट्टी तीन फूट, एवढं पुरतं. फळ्यांच्या ज्या कडा एकमेकींना चिकटवायच्या त्या तिथेच मशीनवर रंधून घ्या. घरी दोन्ही चिकटवून क्लॅम्पने आवळून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी २० इंचांवर कापा, पट्टीचे १२ इंचांचे दोन तुकडे करा, ते खालून आडवे बसवा. सगळे मिळून सहा-सात काप.

या पाटात लाकडाची एक गोष्ट शिकायला मिळते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. १४ इंच रुंदीचा सागवानी पाट वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर हलतो, दुसरं लाकूड याहून जास्त. खालच्या आडव्या पट्ट्यांची लांबी मात्र तेवढीच राहते. त्या पूर्ण चिकटवून टाकल्या तर मे महिन्यात पाट मधोमध तडकेल. म्हणून पट्टीला चिकट लावायचं नाही. मधला स्क्रू घट्ट बसवा आणि कडेच्या दोन स्क्रूंची पट्टीतली भोकं पाटाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, म्हणजे पाटाला सरकायला वाव राहील. शेवटी जवसाचं तेल. पण तेल पुसलेली चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती मोकळी पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा.

जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान मिळालं तर घ्या, तसं वाळलेलं लाकूड आता नवीन मिळत नाही. फक्त आधी लोहचुंबक फिरवा. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक चालतं. मोडलेले खिळे आत दडलेले असतात, वरून रंगाचे चार थर. हातकरवतीचे दात जातील एवढंच, पण मशीनच्या पात्याचा दात तुटून उडाला तर डोळ्यापर्यंत पोचतो.

मांडणीला आणि टेबलाला प्लायवुडच वापरा. १८ मिलिमीटरचं, आठ बाय चारचं पान तीस-पस्तीस किलो भरतं. ते घरी आणून चार इंची मशीनने कापायचा विचारच सोडा. मापांचा कागद करून दुकानदाराकडूनच कापून घ्या, बऱ्याच ठिकाणी पॅनेल-करवत असते. कागदावर प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर सोडा, तेवढं पातं खातं. फळीची लांबी अडीच फुटांच्या वर नेऊ नका. पुस्तकं फळीभर लावली की लांबी दीडपट केल्यावर बाक पाचपट होतो. दोन फुटांवर जी फळी सरळ राहते, ती तीन फुटांवर पोट काढते. लांब हवीच असेल तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी चिकटवा, तिने मोठा फरक पडतो. टेबल ३० इंचच ठेवा, मुलगी मोठी होणारच आहे. तोवर खुर्ची उंच करायची आणि पायाखाली काहीतरी द्यायचं. दुसरा पाट त्यासाठी करा.

हे सगळं झालं आणि तरीही मशीन घ्यावंसं वाटलं, तर आधी जिगसॉ घ्या. पातं वर-खाली होतं, उसळी फार मोठी नसते, वळणही कापता येतं. त्यानंतर सात इंची इलेक्ट्रिक करवत. तिच्यासाठी फळी दोन टेकूंवर ठेवून मधोमध कापायची नाही. मध्ये कापत गेलात की फळी खाली बाकते, फट वरून मिटते आणि करवत मागे उसळते, अंगावर. जमिनीवर दोन इंची थर्माकोलची पानं पसरा, त्यावर फळी सपाट ठेवा, पातं लाकडाच्या खाली फक्त पाच-सहा मिलिमीटर डोकावेल एवढंच उतरवा. थर्माकोल थोडा कापला जाईल, पण दोन्ही तुकडे शेवटपर्यंत जागच्या जागी राहतील. सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि तळपत्रा तिला घासत न्या. स्वतः पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला. करवत पूर्ण वेगात आल्यावर लाकडाला लावा. काप वाकडा जातोय असं वाटलं तर करवत वळवून सरळ करायला जाऊ नका. बोट सोडा, पातं थांबू द्या, मग मागे घ्या. फिरतं पातं फटीतून मागे ओढणं ही सगळ्यांत वाईट सवय. आणखी एक, या करवतीचे दात खालून वर कापतात, म्हणून सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल-करवतीला आणि हातकरवतीला उलट, चांगली बाजू वर.

पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवा.

अंगावर काय असावं, याहून काय नसावं ते महत्त्वाचं. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत. कातडीला लागलं तर जखम होते, मोज्याचा धागा सापडला तर हात ओढला जातो. अंगठी, मनगटावरचा दोरा, गळ्यातली लांब साखळी, ओढणी, लुंगी, सैल बाह्या, सगळं काढून किंवा खोचून. पायात चपलेऐवजी बंद बूट. डोळ्यांवर चष्मा, तोही बाजूंनी झाकलेला. इलेक्ट्रिक करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, कानांत बोळे घाला. माझ्या वडिलांना साठीनंतर फोनवरचं बोलणं ऐकू येत नसे. आणि धूळ. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय. रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क लावा. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर हे घरातल्या सगळ्यांच्या फुप्फुसांचं आहे. बाल्कनीत करा, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारून धूळ पुन्हा उडवू नका.

एकटे असताना मशीन चालवू नका. फोन जवळ ठेवा, पण खिशात वाजेल असा नको. आणि हे माहीत असू द्या: बोट कापलं गेलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. थेट बर्फात टाकायचा नाही, त्याने मांस गोठून निकामी होतं. १०८ ला फोन करायचा आणि बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन जिथे असतील तिथेच जायचं, मध्ये कुठे वेळ घालवायचा नाही. माझं पेर मला तेव्हा कोणीतरी शोधून दिलं, पण ते स्टीलच्या डब्यात बर्फाच्या पाण्यात घालून. जोडता आलं नाही. तुटलेला भाग नेमका कसा न्यायचा, हे आमच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आज ते भिंतीवर लिहून लावलंय.

आता मुलीचं. तिला पहिल्या दिवसापासून घ्या. चुंबक फिरवून खिळे शोधायचं काम तिचं, गुण्या लावून रेघ मारायचं काम तिचं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने धारदार कडा घासून मऊ करायचं काम तिचं. कापताना लाकूड धरायला मात्र तिला बोलावू नका. लाकूड क्लॅम्प धरेल. मशीन सुरू असताना ती दाराच्या पलीकडे.

महिनाभराने तिला स्वतःची छोटी करवत द्या, दहा-बारा इंची, बारीक दातांची. पाईनची अर्धा इंची पट्टी तिच्या कमरेच्या उंचीवर आवळून द्या आणि सुरुवातीची खाच तुम्ही पाडून द्या. मग तिचे दोन्ही हात करवतीच्या मुठीवर. दोन्ही हात मुठीवर असले की दातांजवळ जायला हात उरतच नाही. मी माझ्या मुलाला असंच शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने एकच पट्टी कापली, वीस मिनिटं लागली, आणि तो तुकडा रात्री उशाशी घेऊन झोपला.